रंगाआधी अर्थिंग

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व समिती सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, महाराष्ट्र.



३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी लावायची, हे आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ असते. विषयपत्रिकाही बहुतेक ठरलेली असते: मागील सभेचे इतिवृत्त, हिशेबपत्रके, लेखापरीक्षकाची नेमणूक आणि अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. इमारतीच्या कामांची चर्चा निघते ती रंगावरून, गेटवरून, पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकवरून. ही कामे डोळ्यांना दिसतात आणि समितीने वर्षभरात काहीतरी केले, असे सभासदांना वाटते. या पत्राची मागणी एवढीच आहे की यंदा या सगळ्याच्या वर एक विषय घ्यावा: इमारतीची वीज, पाणी, गॅस आणि लिफ्ट यांची तपासणी. तिच्यातून जे निघेल त्याच्या दुरुस्तीला निधीतला पहिला पैसा द्यावा.

ठाणे, डोंबिवली, कोथरूड, नाशिकचे सिडको अशा भागांतल्या मध्यमवर्गीय इमारतींपैकी पुष्कळ १९८० आणि १९९०च्या दशकांतल्या आहेत. तेव्हा घरात विजेवर चालायचे काय? चार ट्यूबलाइट, तीन पंखे, फ्रिज, टीव्ही, इस्त्री आणि फार तर एक गिझर. मीटरपासून घरापर्यंतची वायर त्या हिशेबाने निवडली गेली आणि बरेचदा ती अॅल्युमिनियमची होती. आज थंडीतल्या सकाळी त्याच वायरवर दोन हजार वॉटचा गिझर आणि दोन हजार वॉटची इंडक्शन शेगडी चालते. उन्हाळ्यात दीड टनाचा एसी आणखी दीड हजार वॉट मागतो. तिन्ही एकदम चालली तर साडेपाच हजार वॉट, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे २४ अँपिअर. घरातले वायरिंग पुष्कळांनी नूतनीकरणात बदलून घेतले. मीटरपासून दारापर्यंतचा तुकडा मात्र जुनाच राहिला, कारण तो कुणाच्याच घरात येत नाही. आदर्श उपविधी याबाबत स्पष्ट आहेत: सदनिकेतल्या मेन स्विचपर्यंतची विजेची लाइन, बाहेरच्या पाइपलाइन, पंप, टाक्या, ड्रेनेज, लिफ्ट या सगळ्यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने करायची आहे.

तेव्हा सुरुवात मीटर रूमपासून करावी. जुन्या इमारतीतल्या या खोलीला सहसा कुलूप नसते, आणि असले तर किल्ली वॉचमनकडे. आत लाकडी बोर्डांवर मीटर, त्यांच्याखाली चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. फ्यूज वारंवार उडतो म्हणून कुणीतरी त्यात फ्यूज वायरऐवजी तांब्याच्या वायरचे चार-पाच तंतू पिळून बसवलेले असतात. असा फ्यूज पुन्हा उडत नाही. त्याच्याऐवजी पुढची वायर तापते. तांबे आणि अॅल्युमिनियम नुसते एकमेकांना पिळून केलेले जोड काळे पडलेले दिसतात. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो, जोड सैल होतो, आणि सैल जोडातली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: लोड दुप्पट झाला की उष्णता चौपट. खोलीच्या कोपऱ्यात गणेशोत्सवाचे मखर, रंगाचे अर्धे डबे, कुणाची तरी जुनी सायकल. आग लागायला जे जे लागते ते सगळे तिथे एकत्र ठेवलेले असते.

याच खोलीत आणखी एक धोका असतो, ज्याची कल्पना वायरमन सोडून फारशी कुणाला नसते. इमारतीत वीज तीन फेजमधून येते आणि प्रत्येक घराला त्यातला एक फेज आणि सगळ्यांचा मिळून एक न्यूट्रल मिळतो. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, दोन फेजमध्ये सुमारे ४००. हा सामाईक न्यूट्रल मुख्य पॅनेलवर सैल झाला किंवा जळून तुटला, की वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांशी एका साखळीत जोडली जातात आणि तो ४०० व्होल्टचा दाब आपसात वाटून घेतात. वाटणी समान होत नाही. ज्या घरात गिझर चालू आहे तिथला दाब खाली पडतो आणि ज्या घरात फक्त टीव्ही आणि फ्रिज चालू आहेत तिथे तो तीनशेच्याही वर चढतो. काही सेकंदांत एकाच मजल्यावरच्या दोन-तीन घरांतले टीव्ही, फ्रिज, एसीचे कार्ड, वायफायचा राउटर एकदम जातात. सभासद वीज कंपनीला दोष देतात, कंपनी इमारतीतल्या पॅनेलकडे बोट दाखवते. कंपनीची जबाबदारी कुठे संपते आणि संस्थेची कुठे सुरू होते, ही सीमा आधीच लेखी विचारून घ्यावी. मुख्य पॅनेलवरचे जोड वर्षातून एकदा परवानाधारक कंत्राटदाराकडून कसून घ्यावेत. पॅनेलचा थर्मल कॅमेऱ्याने फोटो काढून घेतला तर सैल जोड चक्क चमकताना दिसतो. ही तपासणी दिवसभरातच उरकते.

आता अर्थिंग. प्रत्येक इमारतीच्या आवारात, बहुधा कंपाउंडच्या भिंतीलगत, जमिनीत एक-दोन खड्डे घेऊन त्यांत तांब्याची किंवा जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) प्लेट अथवा पाइप पुरलेला असतो. भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला फनेल आणि लोखंडी झाकण. उपकरणात वीज बाहेर फुटली तर ती माणसाच्या अंगातून न जाता या वाटेने जमिनीत जावी, म्हणून ही व्यवस्था. मीठ काही वर्षांत विरघळून जाते, पट्टी गंजते, उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि वाट बंद होते. तीन पिनांचा प्लग सगळ्यांच्या घरात आहे. तिसऱ्या पिनेच्या पलीकडे काय आहे हे कुणी बघत नाही. गेल्या काही वर्षांत पार्किंगला पेव्हर ब्लॉक बसवताना अनेक सोसायट्यांत हे खड्डेच ब्लॉकखाली गाडले गेले. झाकण कुठे होते हे ज्यांना माहीत होते ते जुने सचिव घर विकून गेले. पेव्हर ब्लॉकचे काम काढण्याआधी अर्थिंगचे खड्डे शोधून त्यांवर खूण करावी. ज्यांचे बुजले आहेत त्यांनी नवे घ्यावेत. अर्थ टेस्टरने रोध मोजून तो आकडा तारखेसह मीटर रूमच्या दारावर लिहावा.

अर्थिंगच्या जोडीला आरसीसीबी हवा, आणि इथे एक मोठा गैरसमज आड येतो. घरोघरी आता एमसीबी आहेत आणि ते शॉकपासून वाचवतात असे बहुतेकांना वाटते. एमसीबी वायरला वाचवतो. सोळा अँपिअरचा एमसीबी सोळा अँपिअरच्या पुढेच हालचाल करतो. माणसाचा हात वायरला चिकटून राहायला त्याच्या हजाराव्या भागाइतका करंट पुरतो, आणि त्याहून थोडा वाढला की हृदयाचा ताल बिघडतो. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून पाहतो. दोन्हींत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज कुठेतरी गळतेय, बहुधा माणसाच्या अंगातून, की सेकंदाच्या तिसऱ्या भागाच्या आत तो पुरवठा तोडतो. घरगुती दोन पोलचा चांगला आरसीसीबी दोन-तीन हजार रुपयांच्या आसपास मिळतो. त्यावर ‘टी’ लिहिलेले बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे, आणि दाबून वीज गेली नाही तर तो बदलावा. बसवल्यावर सारखा पडतो म्हणून पुष्कळ घरांत तो काढून टाकला जातो. खरे तर त्या घरात कुठेतरी वीज गळतेय हे तो सांगत असतो. दोष बहुतेकदा गिझरच्या कॉइलमध्ये किंवा बाथरूमच्या भिंतीतल्या ओलसर वायरमध्ये सापडतो. सदनिकेच्या आतले काम सभासदाचे असले, तरी सगळ्या घरांसाठी एकत्र खरेदी करून एकाच कंत्राटदाराकडून बसवून घेणे समितीला सहज जमेल. पंप, जिन्यातले दिवे आणि आवारातले खांब यांच्या कॉमन मीटरवर तर तो असायलाच हवा, कारण पावसाळ्यात त्या खांबांना हात लागतो तो खेळणाऱ्या मुलांचा.

पावसाची गोष्ट निघालीच आहे तर २६ जुलै २००५ आठवावा. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतल्या असंख्य तळमजल्यांवरची मीटर पाण्याखाली गेली. २०१९ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ला चिपळुणात तेच झाले. २५ जुलै २०२४ला पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत पाणी शिरले, आणि त्याच दिवशी डेक्कनच्या पुलाच्या वाडीत साचलेल्या पाण्यात हातगाडी हलवताना तीन तरुण विजेच्या धक्क्याने गेले. पूररेषेजवळच्या किंवा एकदा तरी पाणी शिरलेल्या प्रत्येक इमारतीने मीटर आणि पंपाचे पॅनेल त्या पातळीच्या वर उचलून घ्यायला हवे.

इमारतीची आणखी एक न दिसणारी जागा म्हणजे विजेची डक्ट. पंधरा मीटरपेक्षा उंच इमारतींसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा नियम असा की केबलच्या डक्टमध्ये दुसऱ्या कुठल्याही सेवेचे पाइप नसावेत, आणि प्रत्येक मजल्यावर, जिथून केबल स्लॅब ओलांडते तिथे, आग अडवणारा अडसर असावा. आपल्या इमारतीतल्या डक्टचे दार उघडून वरून खाली टॉर्च मारून पाहावे. बहुतेक ठिकाणी तळापर्यंत उजेड जातो. अडसर कधी नव्हताच, किंवा इंटरनेटवाल्यांनी केबल ओढताना फोडला आणि तसाच सोडला. आग लागली की अशी डक्ट धुराचे धुराडे होते. ६ ऑक्टोबर २०२३च्या पहाटे गोरेगाव पश्चिमेतल्या जय भवानी इमारतीत आग खालच्या बाजूला पार्किंगमध्ये लागली. तिथे वाहनांबरोबर जुन्या कपड्यांचे गठ्ठे होते. धूर वर चढला, आणि किमान सात माणसे गेली. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यायचे असते. ते कागदावर घेऊन फाइलला लावू नये. एजन्सीच्या माणसाला समोर पंप चालू करायला लावावा, आणि वरच्या मजल्यावरच्या होजरीलला पाणी येते का ते पाहावे.

विजेवरच्या गाड्यांनी हा प्रश्न आता आणखी तातडीचा केला आहे. साध्या घरगुती चार्जरला सुमारे ३.३ किलोवॉट लागतात. पंचवीस गाड्या रात्री दहाला एकदम लावल्या तर ८२ किलोवॉटच्या वर लोड होतो. जुन्या इमारतीची मुख्य केबल याचा विचार करून टाकलेलीच नाही. काही समित्या परवानगी नाकारून मोकळ्या होतात. मग सभासद जिन्याखालच्या प्लगमधून एक्स्टेंशन ओढतो आणि स्कूटर बरोबर बाहेर पडायच्या वाटेवर चार्ज होते. नकार देण्याऐवजी संपूर्ण इमारतीच्या लोडचे सर्वेक्षण करून मंजूर भार वाढवून घ्यावा आणि पार्किंगसाठी वेगळे पॅनेल टाकावे. छप्पर धड असेल तर सौर पॅनेलचाही विचार त्याच वेळी व्हावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी, चार्जिंगसह, किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. आणि लोड कमी करायचा सोपा मार्ग घरातच आहे: जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास.

पाण्याकडे वळू. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. धडधाकट माणसांच्या हातापायांतली शक्ती जात होती, काही व्हेंटिलेटरवर गेले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि सगळ्यांचे लक्ष पाण्याकडे गेले. तेव्हा अनेक सोसायट्यांच्या ध्यानात आले की आपल्या भूमिगत टाकीत पालिकेचे, विहिरीचे आणि टँकरचे पाणी एकत्र होते आणि त्यात क्लोरीन किती उरते हे आपण कधीच तपासले नाही. खेड्यातल्या ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक रोज ओटी टेस्ट करतो: नळाच्या पाण्यात ओटी द्रावणाचा थेंब टाकायचा, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असे भारतीय मानक सांगते. शेकडो माणसांच्या सोसायटीत हे काम करणारा एकही माणूस नेमलेला नसावा, ही खरोखर चिंतेची बाब आहे. वॉचमनला एकदा शिकवले की पुरे.

नळाला पाणी दिवसातून ठरावीक तासच येते, त्यामुळे उरलेल्या वेळी लाइन रिकामी असते आणि तिच्या चिरेतून बाहेरचे सांडपाणी आत ओढले जाते. कुणी थेट लाइनला पंप लावला तर ती ओढ आणखी वाढते. भूमिगत टाकी ड्रेनेजच्या चेंबरला लागून असेल, तर दोन्हींच्या मधली भिंत तपासून घ्यावी. गच्चीवरच्या टाकीचे झाकण घट्ट आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी हवी. डास तिथेच अंडी घालतात. गच्चीवरच्या टाकीतून घरांत पाणी आणणाऱ्या जुन्या जीआयच्या डाउनटेक पाइपांत आतून गंज चढून भोक बोटाएवढे उरते, वरच्या मजल्यांना दाब मिळत नाही, आणि प्रत्येक जण आपल्यापुरता प्रेशर पंप बसवतो. संपूर्ण डाउनटेक एकदा बदलणे, हाच त्यावरचा उपाय आहे.

टाक्या साफ करणाऱ्या माणसांबद्दल वेगळे लिहायलाच हवे. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतल्या एका सोसायटीत सेप्टिक टँकमध्ये उतरलेले तीन कामगार गुदमरून गेले. त्यांच्या विधवांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा २०२१ मध्ये दहा लाख रुपये भरपाईचा आदेश झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठीची भरपाई तीस लाखांवर नेली. मार्च २०२५ मध्ये नागपाड्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत उतरलेले चार कामगार असेच गेले. टाकी मैल्याची असो वा पिण्याच्या पाण्याची, बंद जागेत हवा संपते किंवा विषारी वायू साठतो आणि वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने सेप्टिक टँकमध्ये माणूस असा धोका पत्करून उतरवायला बंदी आहे. तिथे सक्शन गाडीच मागवावी. पाण्याच्या टाकीसाठी आधी झाकणे उघडून ब्लोअरने हवा खेळवावी, वर एक माणूस सतत उभा असावा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असावा. कमी दराचे कोटेशन आले म्हणून या अटी सोडायचा अधिकार कुठल्याही समितीला नाही.

गॅसचे थोडक्यात. सिलिंडरमधला वायू हवेपेक्षा जड, तो गळला की फरशीवर पसरतो. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका, तो छताशी साठतो. सिलिंडर सोडून पाइपचा गॅस घेणाऱ्या घरांत म्हणून वरची हवेची वाट उघडी हवी, आणि नेमकी तीच स्वयंपाकघरात कपाटे बसवताना बंद केली जाते. नारिंगी सुरक्षा होज पाच वर्षांनी बदलायची असते. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये असेल तर तो बाहेर काढलाच पाहिजे: त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि आंघोळीला गेलेले मूल बराच वेळ बाहेर आले नाही म्हणून दार फोडावे लागल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. लिफ्टसाठी राज्यात १९३९ पासून स्वतंत्र कायदा होता, २०१७ मध्ये त्याच्या जागी नवा आला. वार्षिक देखभालीचा करार करताना वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारे एआरडी त्यात धरले आहे का, ते वाचून घ्यावे.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न सभेत पहिला येईल. उत्तर उपविधींतच आहे. दुरुस्ती व देखभाल निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के वर्गणी घ्यायची आहे. बांधकाम खर्च १५ लाख धरला तर सदनिकेमागे वर्षाला ११,२५० रुपये होतात; साठ घरांच्या इमारतीत पावणेसात लाख. हे दर वर्षी नियमाने जमले असते तर आज मुख्य केबलसाठी वेगळी वर्गणी मागायची वेळ आली नसती. पुष्कळ संस्था मेंटेनन्स कमी ठेवल्याचे कौतुक मिळवण्यासाठी हा दर वर्षानुवर्षे जुन्याच आकड्यावर ठेवतात. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्यांचे तीन वर्षांनी करायचे बंधन आहेच. त्याच खेपेला विजेचे ऑडिट करून घेतले तर पुढच्या दहा वर्षांचा खर्च एकाच कागदावर मांडता येईल.

ठरावाचा मसुदा असा करता येईल: “संस्थेच्या इमारतीतील मुख्य विद्युत पॅनेल, सदनिकांपर्यंतच्या वाहिन्या, अर्थिंग, डक्ट, पाण्याच्या टाक्या व पाइपलाइन, गॅसवाहिनी, अग्निशमन यंत्रणा आणि लिफ्ट यांची परवानाधारक तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी, अहवाल सर्व सभासदांना द्यावा, आणि त्यातील तातडीची कामे होईपर्यंत दुरुस्ती निधीतून सौंदर्यवर्धनाचा कोणताही खर्च करू नये.” सूचक आणि अनुमोदक आधी ठरवून ठेवावेत, असा विषय आयत्या वेळी मांडला तर तो रात्री साडेदहाला, निम्मे लोक उठून गेल्यावर येतो. तपासणी दिवाळीआधी उरकली तर केबल आणि पॅनेलचे काम हिवाळ्यात होते, एसी सुरू व्हायच्या आत. अर्थिंगचे मोजमाप मात्र एकदा मे महिन्यातही घ्यावे, कारण जमीन तेव्हा सर्वांत कोरडी असते आणि पावसाळ्यात घेतलेला आकडा फसवा असतो.



आपल्यापैकीच एका इमारतीतील सभासद